प्रत्येक चौकात उड्डाणपूल बांधून पुण्याचं ट्रॅफिक सुटणार?

वारजेकर: काल इथे एकाने लिहिलं की पुण्यात प्रत्येक मोठ्या चौकात उड्डाणपूल बांधा आणि जंगली महाराज रोडचे रुंद फूटपाथ निम्मे कापा, ट्रॅफिक आपोआप सुटेल. वाचून डोकंच फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. विद्यापीठ चौकातला पूल विसरलात का? धड जुनाही झाला नव्हता, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पाडला, कारण मेट्रोच्या आड येत होता. पूल तुम्हाला एका सिग्नलवरून उचलतो आणि पुढच्या सिग्नलच्या रांगेत नेऊन सोडतो. आणि रस्ता जरा मोकळा दिसला की काल बसने गेलेला माणूस आज गाडी काढतो, महिन्याभरात परत तेवढीच गर्दी.

नगररोडवाला: ते लिहिणारा मीच. चांदणी चौक बघा ना, ऑक्टोबर 2022 ला जुना पूल स्फोटकं लावून पाडला, ऑगस्ट 2023 ला नवीन पूल सुरू झाला, फरक पडला की नाही? आणि तुमच्या त्या बीआरटीचं, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनचं, काय झालं? 2006 ला कात्रज-स्वारगेट-हडपसर सुरू केली, आमच्या नगर रोडची तर उखडून टाकावी लागली. मी रोज दीड तास स्टिअरिंग धरून बसतो, मला शहाणपण शिकवू नका.

वारजेकर: चांदणी चौकाचं मान्य, पण तो हायवेवर आहे, तिथे बाहेरगावची वाहनं गावातल्या गाड्यांपासून वेगळी काढली. पेठेतल्या चौकात पूल कुठे उतरवणार, कुणाच्या गॅलरीत? आणि बीआरटीच्या लेनमध्ये कार, रिक्षा, दुचाकी सगळे घुसत होते, बसला जागाच कुठे मिळाली?

पेठेतली: पूल आणि बीआरटी सोडा, आधी रस्त्याकडेच्या पार्किंगवर बोला. निम्मा रस्ता उभ्या गाड्यांनी खाल्लाय. सम-विषम तारखेप्रमाणे रस्त्याच्या एकाच बाजूला गाडी लावायच्या पी-1, पी-2 च्या पाट्या आहेत पण तारीख बघतं कोण! माझ्या सासूबाई काठी घेऊन देवळात निघाल्या होत्या, फूटपाथवर बाइक लावलेल्या म्हणून रस्त्यावर उतरल्या, स्कूटरचा हँडल लागला आणि मनगट मोडलं. तीन महिने हात गळ्यात. आणि तुम्ही फूटपाथ कापायच्या गोष्टी करताय? लाज वाटू द्या.

नगररोडवाला: सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण गाडी मी लावली नव्हती.

लक्ष्मीरोड दुकान: पार्किंग बंद केलं तर आमचं गिऱ्हाईक सरळ मॉलमध्ये जाईल. तीन पिढ्यांचं दुकान आहे, बोलणं सोपं असतं ताई.

पेठेतली: बंद करा कोण म्हणालं? पैसे घ्या म्हणतेय. 2018 ला पे अँड पार्कचं धोरण मंजूर झालं, तेही कापून कापून पाच रस्त्यांवर आणलं आणि पुढे तेसुद्धा वर्षानुवर्षं रखडलं. तुमच्या दारात सकाळी दहाला कुणाची गाडी लागते सांगा बघू, गिऱ्हाइकाची का तुमच्या माणसांची? रात्रीपर्यंत हलत नाही ती. गिऱ्हाइकाला जागा मिळणार कशी?

लक्ष्मीरोड दुकान: ... दोन गाड्या आमच्याच असतात, खोटं बोलणार नाही. पण वाडे पाडून इमारती झाल्या, त्यातल्या किती जणांनी पार्किंगच्या जागेत गोडाऊन काढलंय तेही लिहा की! त्यांना कुणी हात लावत नाही, पावती आमच्याच नावाने फाटणार.

वारजेकर: हे शंभर टक्के बरोबर. आधी ती गोडाऊनं रिकामी करा. 11 डिसेंबरला पादचारी दिनाला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद असतो, त्या दिवशी धंदा कसा होतो?

लक्ष्मीरोड दुकान: बघे जास्त, खरेदी कमी. पण लहान मुलं घेऊन बायका निवांत फिरतात, तेवढं खरंय. तासावर पैसे लावणार असाल तर लावा, दुकानासमोर माल उतरवायला सकाळी दोन तास सोडा म्हणजे झालं.

नगररोडवाला: आणि बस? गाडी घरी ठेवायला मी तयार आहे, पण स्टॉपवर पन्नास मिनिटं उभा राहिलोय मी, तीसुद्धा पावसात. दहा मिनिटाला बस द्या, मग फूटपाथ हवे तेवढे रुंद करा. तोवर मी पूलच मागणार.

पेठेतली: बस वेळेवर यायला रस्ता मोकळा लागतो आणि तो उभ्या गाड्यांनी अडवलाय, हेच मघापासून सांगतेय!