जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकची मागची थरथर: पिनियनखाली (मागच्या ॲक्सलमधला, शाफ्टला जोडलेला दात्यांचा दांडा) पाचर 2 अंशांची की 3?

गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर (पुढची चाकं गरजेपुरतीच जोडता येतात), दोन्हीकडे पाटे, मागचे पाटे 2 इंच उचललेले. डिफरन्शियलचं गुणोत्तर 4.10 (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे 4.10 फेरे), टायरचा घेर 2.3 मीटर. ताशी साधारण 70 किमीपासून थरथर सुरू होते, 80 ला सर्वात जास्त. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते, क्लच दाबला की कमी होते पण जात नाही.

टायर बॅलन्स केले, पुढचे-मागचे बदलले, फरक शून्य. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) काढून चालवली, तरी तेच. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे यू-जॉइंट (कोनात फिरू देणारे सांधे) नवे, त्यांचे योक (सांधा धरणारे काटे) एका रेषेत. 80 ला मोबाइलवर सेकंदाला सुमारे 79 कंपने मोजली, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन; बॅलन्स बिघडला असता तर एकच आलं असतं. त्यामुळे बॅलन्सपेक्षा कोनावरच संशय.

गाडी चाकांवर उभी असताना: ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वाटणारा गिअरबॉक्स) आउटपुट मागे 5 अंश खाली, शाफ्ट 13 अंश, पिनियनचं तोंड 2 अंश वर. म्हणजे पुढचा जॉइंट 8 अंशांवर, मागचा 11 वर.

पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये 3 अंशांची पाचर घालून पिनियन वर उचलला तर कागदावर दोन्ही कोन सारखे होतात आणि एकमेकांची थरथर खोडतात. पण लोडखाली पाटे पिळून पिनियन अजून वर उचलला जातो, म्हणून 2 वरच थांबावं का? की 8 अंशच मुळात जास्त आहेत आणि डबल कार्डन शाफ्टशिवाय (एका टोकाला जोडीने दोन यू-जॉइंट असलेला) गत्यंतर नाही? (उंची कमी करणं शक्य नाही.)