साडेतीन तासाचे पिक्चर काढायलेत, माणसानं बसायचं कसं?

मोंढा नाका (छत्रपती संभाजीनगर)
आधीच सांगतो, मी काही समीक्षक नाही, महिन्याकाठी एखादा पिक्चर बघणारा साधा माणूस. पण हे लांबीचं काय खूळ शिरलंय यांच्या डोक्यात? अ‍ॅनिमल सव्वातीन तासाच्या वर, पुष्पा 2 तीन तास वीस मिनिटं, त्यात पुन्हा जानेवारी 2025 मधी आणखी वीस मिनिटं जोडून परत लावला, आणि धुरंधर तर 3 तास 34 मिनिटं आणि एवढं करून वर दुसरा भाग आहेच. जाहिराती, इंटरव्हल धरून नऊचा शो एकला सुटतो. धुरंधरमधी अक्षय खन्ना एक नंबर, त्याबद्दल वाद नाही, पण तो पडद्यावर नसला की मी घड्याळ बघायलो होतो. त्यापेक्षा आपला 'आता थांबायचं नाय' बघा. महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी काढतात, एवढीच गोष्ट, ना बंदूक ना परदेश, तरी जागचा हललो नाही. माझं मत, अडीच तासाच्या आत ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडं सांगायला कमी आणि दाखवायला जास्त आहे.

बालाघाटी
भाऊ तुम्ही शहरात राहता म्हणून बोलायलाव. आम्ही गावाकडून गाडी करून चौघं पाचजण येतो, तिकीट, पेट्रोल, वरून पॉपकॉर्नचे पैसे वेगळेच, आणि दोन तासात 'चला उठा' म्हणलं तर परवडतंय व्हय? आम्हाला दणकून पाहिजे. आणि लांबीच म्हणता तर शोले काय दोन तासाचा होता? लगान पावणेचार तासाचा, तवा कुणी घड्याळ बघितलं नाही. धुरंधरमधी ती कराचीतल्या ल्यारीची गल्ली, गँगा, राजकारण सगळं उभं करायला वेळ लागतोच की. तुम्हाला रील बघायची सवय लागली, पिक्चरला काहून दोष देता?

औंढ्याची लेक
बालाघाटी दादा, चार तास बाहेर राहणं तुम्हाला जमतंय, घरी सैपाक कोण करतंय ते पण सांगा की 😄 आम्ही बायका बाईपण भारी देवाला जथ्थ्यानं गेलो होतो 2023 ला, दुपारचा शो, संध्याकाळच्या आत घरी. साडेतीन तासाच्या पिक्चरला लेकरू मांडीवर घेऊन बसून दाखवा एकदा. पण मोंढा नाका, तुमचंही सगळं पटलं नाही. छावा तर 2 तास 41 मिनिटांचाच होता ना, मला उलट तो आखूड वाटला. रायाजी कोण, अंताजी कोण हे नीट कळायच्या आतच माणसं पडायला लागली. येसूबाईंना तर बोलायलाच दिलं नाही फारसं. शेवटाला सगळं थेटर रडायलं होतं, माझ्या शेजारचे एक काका चप्पल काढून मांडी घालून बसले होते, मी पण रडले, पण ते रडू महाराजांसाठी होतं, पिक्चरनं कमावलेलं किती ते मला अजून ठरवता आलं नाही.

मोंढा नाका
ताई हेच तर म्हणतोय मी! छावात वेळ कमी नव्हता, तो लढायांत गेला. झाडावरून उड्या, पाण्यातून उड्या, एकसारखे गनिमी हल्ले दोन-तीन कापले असते तर रायाजीला वाव मिळाला असता. शेवटी कवी कलश आणि राजे साखळदंडात एकमेकाला काव्यात उत्तरं देतात तो सीन बघा, दोन माणसं आणि शब्द, तिथंच पिक्चर उभा राहिला. आणि बालाघाटी, लगानचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. कचरा, भुरा, गुरन, इस्माईल, अकराच्या अकरा खेळाडू आजही आठवतात. तो वेळ माणसांवर खर्च झाला. धुरंधरमधी अक्षय खन्नाचा रहमान सोडून गँगमधल्या चौघांची नावं सांगा, गूगल न करता.

बालाघाटी
नावं पाठ करायला मी काय पिक्चरला जातो का 😂 मजा आली का एवढंच बघतो. रहमानच्या एंट्रीला जे शिट्ट्या वाजल्या ते तुमच्या रात्रशाळेला वाजल्या का?

उदगीरकर
शिट्ट्या वाजायला पिक्चर लागला तर पाहिजे ना. तुम्ही लांबीवरून भांडायलात आणि इकडं त्याच लांबीपायी आमचा मराठी पिक्चर मरायला. साधा हिशोब आहे, साडेतीन तासाचा पिक्चर लावला की एका पडद्याचे दिवसाचे शो कमी होतात, मग ते शो भरून काढायला त्यालाच दुसरा पडदा देतात, आणि मराठीला उरतो सकाळी दहाचा नाही तर दुपारचा आडवेळेचा. दशावतार बघायला लातूरला गेलो, दिलीप प्रभावळकरांसाठी, येताना एसटीच्या वेळेवर डोळा. आणि तिकीटाचं म्हणाल तर सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 12 चा 5 केला, पण शंभराच्या आत मल्टिप्लेक्सला तिकीट दाखवा मला! वरच्याला 18 टक्के आहे तसाच.

बालाघाटी
हां, हे शोचं गणित मात्र मी धरलं नव्हतं. पण मग भांडायचं थेटरवाल्याशी, लांब पिक्चर काढणाऱ्यानं काय केलं? उद्या मराठीवाला तीन तासाचा तगडा काढू दे, मी पहिला गाडी भरून आणतो.

औंढ्याची लेक
आणा, पण त्या गाडीत बायकांना जागा ठेवा आणि शो दुपारचा बघा.