अनुभव धागा: चेअरमनचं नाव आणि चेअरमनचं दप्तर

पतसंस्था असो की गृहनिर्माण सोसायटी, चेअरमनला गावात मान असतोच. पण माणूस आतून कसा आहे, हे कागदात कुठे दिसतं? जाणकारांनी लिहावं. किस्से नकोत, तपासायचं कसं तेवढंच.

जमाखर्च:
वार्षिक अहवाल घ्या. सभा 30 सप्टेंबरच्या आत असते. सत्कारांचे फोटो उलटून थेट संचालक आणि त्यांच्या कुटुंबीयांकडच्या कर्जांचं विवरण काढा. सहकार कायद्याच्या कलम 75 प्रमाणे ते सभेपुढे ठेवावंच लागतं. नातेवाइकांच्या फर्मही त्यात येतात. गाळतात त्या नेमक्या याच.

मग नवं-जुनं. समजा 5 लाखांचं कर्ज थकलं, वर 90 हजार व्याज चढलं. मार्चअखेर त्याच घरात दुसऱ्याच्या नावावर 5 लाख 90 हजारांचं कर्ज मंजूर होतं आणि जुनं खातं बंद. रोख एक रुपया हलत नाही, दोन्हीकडे नुसत्या वर्ग नोंदी. 31 मार्चला थकबाकी घटते, न आलेलं व्याज नफ्यात धरलं जातं, त्यातूनच लाभांश वाटतात आणि चेअरमनचा जयजयकार होतो. दुसऱ्याची खाती सभासदाला कुणी दाखवणार नाही, पण ऑडिटरच्या शेऱ्यांत हे उमटतं. 'ऑडिट वर्ग अ'च्या फ्लेक्सवर जाऊ नका, दोष दुरुस्ती अहवाल, म्हणजे शेऱ्यांना संस्थेने दिलेली उत्तरं वाचा. तोच शेरा सलग तीन वर्षं आणि उत्तर 'पूर्तता करीत आहोत', तर काय ते समजा.

वसुली टेबल:
उलटंही असतं. वसुली कडक करणाऱ्या चेअरमनला लोक शिव्या घालतात, पुढच्या निवडणुकीत पाडतातही. त्याची पारख कलम 101 च्या, म्हणजे थकबाकी वसुलीच्या दाखल्यांवरून करा. थकबाकी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या दहा खात्यांवर काय कारवाई झाली ते सभेत विचारा. छोट्या कर्जदाराच्या दारात जप्ती आणि बड्यांना मुदतवाढ असेल, तर तो कडकपणा दिखाऊ.

सोसायटीवाली:
आमच्याकडे गोम कोटेशनमध्ये. वॉटरप्रूफिंगला तीन कोटेशनं मागवतात. तिन्हींत कामांचा क्रम एकच, 'टेरेस'चं स्पेलिंगही एकसारखंच चुकलेलं, म्हणजे तिन्ही एकाच टेबलावर तयार झाली. पाकिटं बंद घ्या, कमिटीसमोर फोडा, प्रत्येक पानावर सह्या. चेअरमनच्या भावाचं कोटेशन असेल तर चेअरमनने त्या विषयापुरतं बाहेर बसावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. ही नोंद स्वतःहून लिहायला लावणारे फार थोडे! इतिवृत्ताची प्रत लेखी अर्ज करून, फी भरून मिळते. अर्जाची पोच घ्याच.

नवखा:
पतसंस्थेतल्या ठेवीला 5 लाखांचं विमा संरक्षण असतं ना?

जमाखर्च:
नाही. ते बँकांना, सहकारी बँकासुद्धा त्यात आल्या. पतसंस्थेला नाही. चेअरमनच्या शब्दावर सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका.