रोजच्या जगण्यातली जादू फोटोमुळं दिसते, की फोटोच्या नादात हातची जाते?

खिडकीतलं भोक
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात राहते, बँकेत नोकरी करते, फोटोग्राफी कुठं शिकलेली नाही. तीन वर्षांपासून रोज एक तरी फोटो काढायचा असा नेम धरलाय, तोही घर, गल्ली आणि ऑफिसची वाट एवढ्यातच. परवा जेवताना धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू आता काही बघतच नाहीस, नुसती टिपत सुटतेस." मनाला लागलं ते. म्हणून इथं विचारते आहे.

माझा अनुभव नेमका उलटा आहे. या नेमामुळंच मला दिसायला लागलं. एकच प्रसंग सांगते.

मागच्या मे महिन्यातली दुपार, चारचा सुमार. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी घर कसं असतं ते सांगायला नको: दारं-खिडक्या गच्च बंद, कूलरची घरघर, ओल्या खसाचा वास. पहिल्या मजल्यावरच्या आईच्या खोलीत खिडकीला उन्हासाठी जाड पुठ्ठा लावला होता. त्याला खिळ्याचं एक भोक राहिलं होतं. आई झोपलेली. मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, तर समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं. डोळे अंधाराला सरावले तेव्हा कळलं, आमची अख्खी गल्ली भिंतीवर उतरली होती. उलटी. आभाळ खाली फरशीला टेकलेलं, कडुनिंब वरून खाली लोंबणारा, समोरच्यांच्या गच्चीवर वाळत घातलेली साडी, आणि तिचा हळदीसारखा पिवळा रंगसुद्धा. तेवढ्यात बर्फगोळेवाल्याची घंटी ऐकू आली. माझ्या पाठीमागं, रस्त्यावर, घंटी डावीकडून उजवीकडं गेली आणि भिंतीवर त्याची गाडी छताजवळून, चाकं वर करून, उजवीकडून डावीकडं सरकत गेली.

मी त्या घरात चाळीस वर्षं राहते आहे. दर उन्हाळ्यात हे कुठल्या ना कुठल्या फटीतून घडतच असणार. मला दिसलं आत्ता, कारण उजेड कुठून येतो आणि कुठं पडतो हे बघायची सवय लागली होती. तांब्याला फोन टेकवून दहा सेकंदांचा फोटो घेतला. कडुनिंब आला, साडी आली. रस्ता नुसता रिकामा आला.

नंतर वाचलं की जगातला आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्यातला फोटो, फ्रान्समधल्या निएप्सनं १८२६-२७ च्या सुमारास काढलेला, तोही त्याच्या घराच्या खिडकीतूनच आहे. छपरं, भिंती, आभाळाचा तुकडा. राजवाडा नाही, लढाई नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुम्हाला काय वाटतं? भावाचं बरोबर, की माझं?

मेडिकल चौक
ताई, वाचून अंगावर काटा आला. पण हाच प्रसंग मला तुमच्या विरुद्ध जाताना दिसतो. गल्ली भिंतीवर दिसली तेव्हा तुमच्या हातात तांब्या होता, फोन नव्हता. फोन काढल्यावर ते दहा सेकंद तुम्ही कशाकडं बघत होतात?

मी मानसशास्त्र शिकते आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकेतल्या संशोधिकेचा प्रयोग २०१४ मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयातून फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवत होते. लक्षात ठेवायचं काम आपण कॅमेऱ्यावर सोपवतो आणि मोकळे होतो.

प्रयोग राहू द्या, तान्ह्या पोळ्याला इतवारीत या. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, समोरासमोर येतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून लोक गर्जत असतात. लहान होते तेव्हा बाबांच्या खांद्यावरून मला ती मारबत दिसायची. गेल्या वर्षी मला फक्त वर केलेले हात आणि फोन दिसले. माझ्या पुढं एक लहान मुलगी होती, तिला तर तेही नीट दिसत नव्हतं.

गच्चीवरून
हेंकेलबाईंचा प्रयोग पूर्ण सांगा ना. त्यांनी दुसऱ्यांदा तो केला तेव्हा काही वस्तूंचा एकच भाग जवळ घेऊन, म्हणजे झूम करून टिपायला सांगितला होता. त्या वस्तूंची आठवण घसरली नाही. जो भाग चौकटीत नव्हता, तोही विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिला. म्हणजे दोष फोटोचा नाही, भराभरा उरकण्याचा आहे. शिवाय २०१६ मध्ये डील, झौबरमन आणि बाराश यांनी बरेच प्रयोग मिळून एक अभ्यास छापला. बसमधून शहर बघणं, बाहेर जेवणं असल्या साध्या गोष्टींत फोटो काढणारे जास्त रमले, कारण ते त्या गोष्टीत जास्त गुंतले.

माझा स्वतःचा पुरावा छोटा आहे. फुटाळा तलावावर मी लहानपणापासून जातो. पण पाऊस येण्याआधी तिथलं पाणी आधी काळं पडतं आणि मग वारा सुटतो, हे मला कॅमेरा घेऊन तासभर बसल्यावर कळलं. त्या आधी मी तिथं मक्याचं कणीस खाऊन घरी येत होतो.

मेडिकल चौक
मान्य, झूमचा भाग मी सांगायला हवा होता. पण तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत त्याच मंडळींचा २०१७ चा अभ्यासही आहे. फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवलं आणि ऐकलेलं कमी. लक्ष डोळ्यांकडं ओढलं जातं, कान मागं राहतात. ताई, प्रामाणिकपणे सांगा, ते दहा सेकंद फोटो निघत असताना घंटी वाजत होती का?

खिडकीतलं भोक
कालपासून आठवून बघते आहे. घंटी आठवते ती फोन काढण्याआधीची. त्या दहा सेकंदांतला आवाज मला आठवत नाही. कूलर चालू होता हेसुद्धा मी अंदाजानंच सांगू शकते. हे तुझं खरं आहे गं.

उत्तर अंबाझरी
मधेच विचारतो, रागावू नका. भोक किती मोठं ठेवायचं? आज पुठ्ठा लावून पाहिला, काहीच दिसलं नाही. मुलं हिरमुसली.

खिडकीतलं भोक
खिळ्याएवढ्या भोकानं चित्र रेखीव येतं पण फार अंधुक, डोळ्यांना दहा मिनिटं द्यावी लागतात. मी नंतर करंगळी जाईल एवढं केलं. उजेड छान आला, कडा थोड्या विरघळल्या. त्याहून मोठं केलं की सगळा लगदा होतो. खोली पूर्ण काळी हवी, दाराखालच्या फटीलासुद्धा सतरंजी लावा. समोरच्या घरावर थेट ऊन असेल ती वेळ धरा. भिंत पांढरी नसेल तर चादर टांगा. मुलांना कोणालातरी रस्त्यावर उडी मारायला पाठवा, मजा येईल.

जुनी रीळ
मी सत्तावीस वर्षं फोटो स्टुडिओत काम केलं. ताईंच्या बाजूचा असायला हवा, पण रोज एक "तरी" फोटो यातला "तरी" मला खटकला. आमच्या वडिलांकडं आग्फा क्लिक थ्री होता. एका रिळात बारा फोटो. बारा फोटो दोन-दोन सण पुरवायचे. वडील कॅमेरा डोळ्याला लावून, बघून, पुन्हा खाली ठेवायचे. बऱ्याचदा तेवढ्यावरच समाधान व्हायचं. न काढलेले फोटो त्यांना जास्त आठवत, हे मी त्यांच्या म्हातारपणी ऐकलेलं आहे. आता माणसं एकाच चहाचे वीस फोटो काढतात आणि चहा निवतो. जादू बिदू म्हणता ती थांबण्यात आहे. फोन कोणाला थांबवत नाही.

आणि फोटो कागदावर उतरेपर्यंत तो फोटो झाला असं मी मानत नाही. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर आधी डोळे उमटतात, मग चेहरा. हजारो वेळा पाहिलं, प्रत्येक वेळी श्वास रोखला जायचा.

गच्चीवरून
काका, रिळाचा खर्च करावा लागला असता तर ताईंनी आणि मी फोटो काढलेच नसते. शिकागोत व्हिव्हियन मायर मुलं सांभाळायचं काम करायची. तिनं लाखाच्या वर फोटो काढले, बरेचसे कधी धुतलेही नाहीत, कोणाला दाखवले नाहीत. २००७ मध्ये लिलावात तिच्या पेट्या गेल्या म्हणून जगाला कळलं. ती काय कमी थांबत होती? संख्या जास्त म्हणजे बघणं उथळ, हे मला पटत नाही.

संत्र्याची गाडी
मी इथं सहसा लिहीत नाही, नुसता वाचून राहिलो होतो. पण आता लिहितो.

माहे बाबा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, संत्र्याची गाडी लावत. बावीस वर्षं. पहाटे कळमन्याच्या मंडीतून माल आणत, हिवाळ्यात आंबिया बहाराचा, मग फेब्रुवारीपासून मृग बहाराचा. गाडीवर एकावर एक अशी संत्र्याची उतरंड रचत. सकाळचं तिरपं ऊन त्या संत्र्यावर पडलं का बाबाचा चेहरा खालून नारंगी दिसे. तुमी ज्याले जादू म्हणता ते मीही पाहिलं आहे, शाळेत जाता जाता, कॅमेऱ्याबिगर.

मग कॅमेरेवाले येत. रविवारी तर दोघं-तिघं. "काका, इकडं नका पाहू, तसेच राहा." बाबा तसेच राहत. संत्रं हातात धरून. गिऱ्हाईक ताटकळून निघून जाये. कोणी एक किलो घेऊन जात, कोणी नुसते हसून जात. बाबाले राग नव्हता, उलट घरी येऊन आईले सांगत, आज पुन्हा फोटो काढला म्हणून. पण इतक्या वर्षांत एकानंही फोटो आणून देला नाही.

२०२१ मध्ये बाबा गेले. तेरवीले ठेवाले फोटो पाहिला तर एकच, आधार कार्डावरचा. तोच मोठा करून आणला. ठिपके ठिपके दिसतात, डोळे तर दिसतच नाहीत. आईनं त्याले हार घातला आणि म्हणे, हे तुझ्या बाबासारखे दिसत नाहीत.

नागपुरात कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये माहे बाबा शंभर वेळा असतील, चांगल्या उजेडात. माह्या घरी नाहीत. ताई, तुमाले तुमची जादू भेटली. बाबाले काय भेटलं?

उत्तर अंबाझरी
भाऊ, वाईट वाटलं. पण सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढणं हा काही गुन्हा नाही. प्रत्येकाला विचारत बसलं तर ती सहजता जाते, माणूस लगेच ताठ होऊन उभा राहतो. मग त्या फोटोत राहतं काय?

जुनी रीळ
गुन्हा कोण म्हणतंय? देणं लागतो की नाही, एवढंच तो विचारतो आहे. माणूस ताठ उभा राहिला तर राहू द्या. स्टुडिओत येणारा प्रत्येक माणूस ताठच उभा राहायचा, आणि त्याच फोटोंसाठी आजही त्यांची नातवंडं आमच्या जुन्या पेट्या उपसायला येतात.

दागेर या फ्रेंच छायाचित्रकारानं १८३८ मध्ये काढलेला पॅरिसच्या रस्त्याचा फोटो आहे. रस्ता वर्दळीचा, पण त्या वेळी फोटोला काही मिनिटं लागायची, त्यामुळं चालणारी माणसं, घोडागाड्या काहीच उमटलं नाही. ताईंच्या गोळेवाल्यासारखंच. उमटला तो एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस. आज आपल्याला ठाऊक असलेल्या फोटोंत, फोटोत आलेला तो पहिला माणूस मानतात. त्याचं नाव कोणाला माहीत नाही आणि त्याच्या पायाशी बसलेल्या पॉलिशवाल्याचंही नाही. फोटोचा धंदा तिथूनच नाव न विचारता सुरू झाला, आणि मला वाटतं ती सवय आपण मोडायला हवी.

मेडिकल चौक
मी आठवणीवर भांडत होते. फोटो कोणाच्या आठवणीसाठी, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नव्हता.

खिडकीतलं भोक
संत्र्याची गाडी भाऊ, तुमचं वाचून काल रात्री माझे सगळे फोटो उघडून बसले. माणसं असलेले दोनशे चौदा निघाले. त्यातल्या एकतीस जणांची नावं मला माहीत आहेत, बहुतेक घरातली आणि बँकेतली. बाकीच्यांत केळीबाग रस्त्यावर गजरे विकणारी एक आजी आहे. तिचे अकरा फोटो आहेत माझ्याकडं. तिच्या हाताचे, सुईचे, ओल्या फडक्यावरच्या मोगऱ्याचे. चेहरा फक्त दोन फोटोंत आहे. तिच्या हातांना मी "सुंदर" म्हणत आले, आणि तिचं नाव विचारलं नाही.

मी बाजू मांडत नाही. माझं दिसणं वाढलं हे आजही खरं वाटतं. पण मला दिसलं म्हणजे पुरे झालं असं धरून चालले होते, तिथं चुकलं. आज संध्याकाळी चेहऱ्याचे दोन्ही फोटो कागदावर काढून घेतले. उद्या तिला देईन. तिला आवडले नाहीत तर तिला हवा तसा, ताठ उभी राहून, नवीन काढेन.

गच्चीवरून
संत्र्याची गाडी भाऊ, मी २०१६ ते २०१९ दर रविवारी सकाळी बर्डीवर फिरत होतो. त्या काळातली हार्ड डिस्क माझ्याकडं आहे, फोटो तारखेप्रमाणे लावलेले आहेत. संत्रेवाल्यांचे बरेच आहेत. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, हे लिहिताना जड जातंय. बाबांची गाडी कुठं लागायची? ओळखायला काही खूण?

संत्र्याची गाडी
मोदी नंबर दोनच्या गल्लीच्या तोंडाशी. मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हा थोडी आत सरकवली होती. वर हिरवी ताडपत्री, एका कोपऱ्याले निळं ठिगळ, आईनं लावलेलं. तराजूची एक दोरी लाल, एक पांढरी. बाबा हिवाळ्यात माहा शाळेचा जुना स्वेटर घालत, मरून रंगाचा, बाह्या आखूड.

गच्चीवरून
स्वेटर आखूड होता का फार? मनगटाच्या वर?

संत्र्याची गाडी
हो. पार कोपराजवळ.

गच्चीवरून
थांबा. डिस्क लावतो.