नवीन लाकडी स्लीपर: आधी स्टेन की आधी सीलर?

वाफेवाली: बागेच्या उताराला टप्पे करायला पाइनचे नवीन स्लीपर, म्हणजे जाड लाकडी तुळया, आणल्यात. प्रेशर ट्रीटमेंटचे (दाबाखाली औषध मुरवलेले) आहेत, म्हणून हिरवट दिसतात. मला गडद तपकिरी हवेत. खालची बाजू मातीत जाणार, वरच्या टप्प्यात पालेभाज्या लावणार. पैसे एका डब्यापुरतेच आहेत. रंग देणारा स्टेन आणि पाणी अडवणारा सीलर एकातच मिळेल असं काही आहे का? बसवण्याआधी लावू की नंतर?

सागप्रेमी: पाइन घ्यायलाच नको होतं. माझे सागवानाचे आहेत, वर्षातून एकदा डेक ऑइलचे दोन हात, आजही नव्यासारखे दिसतात. डबे मोजू नका, चांगल्यातलं घ्या.

चकाचक: पीयू (पॉलियुरेथेनचं वार्निश) मारा, विषय संपला. आमच्या जेवणाच्या टेबलाला मारलंय, तोंड दिसतं त्यात.

रंधा: टेबल घरात असतं हो. स्लीपर मागच्या बाजूने मातीतलं पाणी ओढतो. पुढून पीयूचा थर असला की ते पाणी थराखाली अडकतं, मग पोपडे सुटतात आणि सगळं खरवडून काढावं लागतं. शेजाऱ्यांच्या पायऱ्यांचं हेच झालं. लाकडात मुरणारा, रंगद्रव्य असलेला ऑइल स्टेन घ्या. त्यात पाणी झटकण्याचा गुणही असतो, वेगळा सीलर लागत नाही. उन्हापासून वाचवतं ते रंगद्रव्य. नुसतं पारदर्शक मारलं तर लाकूड राखाडी पडणारच.

जुनाजाणता: गाडीचं जळकं इंजिन ऑइल फासा. फुकट, रंगही काळपट, वाळवी जवळ येत नाही. आमच्या कुंपणाला वर्षानुवर्षं तेच आहे.

हिरवाचुडा: कृपया नको! त्यात जड धातू असतात, ते मातीत उतरतात. त्यांनी पालेभाज्या लिहिलंय, वाचा तरी. रेल्वेचे जुने स्लीपरही त्यामुळेच वाफ्याला नकोत, क्रिओसोट म्हणजे विषारी डांबरी तेल असतं त्यात.

जुनाजाणता: रेल्वेचे स्लीपर गाड्यांखाली टिकतात, तुमच्या वाफ्याला काय धाड भरणार आहे?

हिरवाचुडा: प्रश्न टिकण्याचा नाहीच, खाण्याचा आहे.

रंधा: मूळ विषयाकडे या. नवीन ट्रीटमेंटचं लाकूड आतून ओलं असतं. वर पाण्याचे थेंब टाका. थेंब तसेच उभे राहिले तर थांबा, जिरले तर स्टेन लावा. पातळ हात द्यायचा आणि न मुरलेला स्टेन कापडाने पुसून घ्यायचा, नाहीतर चिकट राहतो. भर उन्हात लावू नका. बसवण्याआधीच लावा, नंतर मागची बाजू हाती लागत नाही.

चकाचक: थेंब टाकून बघा, जिरले तरच लावा. मीही हेच म्हणणार होतो.

करवत: कोणी टोकांबद्दल बोललंच नाही! लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते टोकांतून. शिवाय ट्रीटमेंट गाभ्यापर्यंत पोचलेली नसते, करवत चालली की कोरं लाकूड उघडं पडतं. कापलेल्या प्रत्येक टोकाला प्रिझर्व्हेटिव्ह (लाकूड कुजू न देणारं औषध) पाजाच. स्क्रू गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या, ट्रीटमेंटमधलं तांबं साधं लोखंड खातं.

सागप्रेमी: जवसाच्या तेलाचं कोणीच नाव काढलं नाही. सुंदर दिसतं.

करवत: दिसतं, पण बाहेर बुरशी धरतं. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वाफेवाली: सगळ्यांचे आभार. थेंब टाकून पाहिले, तसेच उभे आहेत. पावसाआधी लाकूड वाळेलसं वाटत नाही आणि स्लीपर आत्ताच बसवायचेत. म्हणून स्टेन रद्द, राखाडी होऊ देते. त्या पैशात टोकांसाठी प्रिझर्व्हेटिव्ह, मागे लावायला जाड प्लॅस्टिक आणि पाणी निघून जायला तळाशी खडी घेतेय.

रंधा: खडी उत्तम. पण राखाडी? पुढच्या उन्हाळ्यात वरची बाजू तरी स्टेन करा.

जुनाजाणता: इंजिन ऑइल ओल्या लाकडावरही चालतं.