‘तूप’ हा शब्द मूळचा कोणाचा?

मूळ मांडणी (खानापूर)

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ‘तूप’ आणि ‘तुप्प’ हे दोन्ही उच्चार एकाच पंगतीत ऐकू येतात. वाढपी एका पानाशी ‘तूप वाढू का?’ असे विचारतो, पुढच्या पानाशी ‘तुप्प हाकलेन्री?’ असे म्हणतो, आणि कोणालाही दुभाषा लागत नाही. मात्र शब्दाच्या मुळाचा प्रश्न निघाला की दोन्हीकडची माणसे आपापल्या पोळीवर तूप ओढतात. ‘तुम्ही तो आमच्याकडून घेतला’ हे वाक्य सीमाभागात नुसते भाषाशास्त्रीय राहत नाही, म्हणूनच मला हा विषय नीट मांडावासा वाटतो.

हा शब्द दख्खनचा आहे आणि तो एकाच भाषेच्या नावावर चढवणे पुराव्याला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तरेकडे हिंदी, गुजराती, बंगाली या भाषांत ‘घृत’पासून आलेला ‘घी’ किंवा त्याचाच एखादा उच्चारभेद आहे. दक्षिणेकडे तमिळ आणि मल्याळममध्ये ‘नेय्’, तर तेलुगूत ‘नेय्यि’ आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे मराठी, कोकणी आणि कन्नड या शेजारी भाषांत, मात्र तूप किंवा तुप्प आहे. आर्य आणि द्राविड अशा दोन कुळांतल्या भाषांनी आपापल्या भावंडांना सोडून एकमेकींशी जुळणारा शब्द वापरावा, ही साधी गोष्ट नाही.

प्रतिसाद (निपाणी)

आपली मांडणी सौम्य आहे, परंतु ती मुख्य प्रश्नाला बगल देते. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ रचली ती संस्कृतावरून सिद्ध न होणाऱ्या शब्दांसाठी, आणि तीत ‘तुप्प’ आहे. जो शब्द संस्कृतातून आला नाही आणि जो कन्नडमध्ये आजही जसाच्या तसा उच्चारला जातो, तो कन्नडचा मानण्यात अडचण कोणती? मराठीने अक्का, अण्णा हे शब्द कन्नडमधून घेतले. ‘अडके’ म्हणजे सुपारी आणि ‘कत्तरि’ म्हणजे कात्री, यांतून आलेला अडकित्ता तर घराघरांत आहे. त्याच यादीत तूप घालताना मराठी माणसाने संकोच करू नये. मी स्वतः मराठी भाषक आहे आणि मला यात कोणताही कमीपणा वाटत नाही.

प्रतिसाद (बेळगाव शहर)

प्रश्न कमीपणाचा नसून पुराव्याचा आहे, आणि पुरावा नेमका उलट दिशेला जातो. कन्नडमध्ये लोण्याला ‘बेण्णे’ म्हणतात. त्याची फोड ‘वेळ्’, म्हणजे पांढरे, आणि ‘नेय्’ अशी आहे. तेलाला ‘एण्णे’ म्हणतात. त्यात ‘एळ्’ म्हणजे तीळ आणि पुन्हा तोच ‘नेय्’. लोणी आणि तेल या दोन्ही शब्दांत आपला जुना द्राविड शब्द जपणारी भाषा फक्त तुपासाठीच निराळा शब्द वापरते, याचा अर्थ तो बाहेरून आला. दुसरीकडे हालाच्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, ‘तुप्प’ सापडतो. दुद्धचे दूध, हत्थचा हात, सप्पचा साप झाला, त्याच नियमाने तुप्पचे तूप झाले. एवढी सरळ वंशावळ समोर असताना आपण तिच्यावरचा हक्क का सोडावा?

प्रतिसाद (चिकोडी)

एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. ‘तूप’चे वर्ण उलट क्रमाने मांडले की ‘पूत’ होतो, आणि संस्कृतात ‘पूत’ म्हणजे शुद्ध केलेले. लोणी कढवून, बेरी खाली बसवून आणि गाळून जे शुद्ध होते ते तूप. हा योगायोग मानणे मला कठीण जाते. शब्दाचे मूळ संस्कृतात असून बोलताना वर्णांची अदलाबदल झाली असावी.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

चिकोडीकरांच्या निरीक्षणाचे मला कौतुक वाटते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष टिकत नाही. अक्षरे उलटवली तर ‘पतू’ असे निरर्थक काही मिळते. व्यंजने आणि स्वर सुटे केले तरच ‘पूत’ हाती येतो. तोही आजच्या मराठीतच. प्राकृतात ‘तुप्प’मध्ये दोन प आणि एक त आहे, म्हणजे ते वर्ण कसेही फिरवले तरी ‘पूत’ जुळत नाही, आणि कन्नडमध्ये तर आजही तीच स्थिती आहे. मुलगा या अर्थाचा आपला ‘पूत’सुद्धा ‘पुत्त’मधून, तसेच जोडव्यंजन सुटून, आलेला आहे. म्हणजे तूप आणि पूत एकमेकांचे उलट रूप झाले ते शब्द झिजल्यानंतर.

अशा जुळण्या तर कितीही सापडतात. इंग्रजीत ‘टप’ म्हणजे मेंढा, आणि त्याचीच रोमन अक्षरे उलटवली की ‘पुट’, म्हणजे ठेवणे. इराणमध्ये ‘तूप’ म्हणजे चेंडू आणि तोफही. आपली ‘तोफ’ याच शब्दाची बहीण. रशियनमध्ये ‘पुत्’ म्हणजे वाट. यातल्या एकाचाही आपल्या वरणभातावरच्या तुपाशी संबंध नाही.

बेळगावकरांचा ‘बेण्णे’चा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. तुपाच्या अर्थाने कन्नडमध्ये ‘तुप्प’ नंतर रुळला असावा, हे मी मान्य करतो. परंतु गाथासप्तशतीत शब्द सापडणे आणि तो प्राकृतातच जन्मलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशीनाममालेत तर त्याला माखलेले, स्निग्ध असेही अर्थ दिले आहेत. त्यामुळे त्याचा वापर आधी केवळ एका पदार्थापुरता मर्यादित होता, असेही म्हणता येत नाही.

प्रतिसाद (निपाणी)

तुप्पचे तूप झाले, हे मलाही मान्य आहे. पण जोडव्यंजने सुटण्यापूर्वी कन्नडमधून उसना आलेला शब्दही त्याच नियमाने बदलला असता, म्हणून बेळगावकरांचा तो नियम शब्दाचे वय सांगतो, दिशा सांगत नाही. शिवाय ‘दख्खनचा शब्द’ हे उत्तर मला अपुरे वाटते. दख्खन हा प्रदेश आहे. शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तो कोणत्यातरी भाषेतच.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

आक्षेप रास्त आहे, म्हणून नेमके सांगतो. कन्नडचा सर्वांत जुना समजला जाणारा हलमिडीचा शिलालेख सुमारे इ. स. 450 चा आहे, आणि त्याआधी बनवासीच्या परिसरात शिलालेख प्राकृतात कोरले जात होते. म्हणजे आजच्या कर्नाटकात एक भाषा दगडावर आणि दुसरी तोंडी, असा काळ होऊन गेला. त्या काळातल्या बाजारात आणि स्वयंपाकघरात दोन्ही भाषा बोलणारी माणसे होती, जशी आज आपल्याकडे आहेत. शब्द पहिल्यांदा एकाच भाषेत उच्चारला गेला असेल; परंतु तो ज्या माणसांनी टिकवला ती दोन्ही भाषांची होती, आणि ‘दख्खनचा’ म्हणताना मला एवढेच अभिप्रेत आहे.