५५ हजारांत मिटवायचं का?

कार्डाची एक लाख चाळीस हजारांची थकबाकी ५५ हजारांत मिटवतो, पण शनिवारपर्यंतच, असं वसुलीवाला म्हणतोय ना? त्या शनिवारला घाबरू नका. महिनाअखेर आली की यांना टार्गेट गाठायचं असतं. माझ्या वेळी 'शेवटची ऑफर' तीनदा आली आणि दर वेळी आकडा खाली आला.

वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी 'भरा आणि मोकळे व्हा' म्हटलंय. एवढं सोपं नाही. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, खातं 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेलं) नाही, 'सेटल्ड' (कमी पैशांत मिटवलेलं) दिसतं, आणि ते वर्षानुवर्षं राहतं. दोन-तीन वर्षांत गृहकर्ज काढायचं असेल तर हा शेरा आड येतो, म्हणून मी सोनं मोडून पूर्ण भरेन. तसं नसेल तर खुशाल घासाघीस करा.

मात्र बँकेच्या लेटरहेडवर सेटलमेंट लेटर आल्याशिवाय एक रुपयाही नको. उरलेली रक्कम माफ, हे त्यात स्पष्ट हवं. पत्र खरं आहे का, हे थेट बँकेला विचारा. पैसेही बँकेतल्या कार्डाच्या खात्यातच, एजंटच्या यूपीआयवर अजिबात नाही. नंतर नो ड्यूज (काही बाकी नाही, असं बँकेचं पत्र) घ्यायला विसरू नका.

आणि रात्री नऊला फोन येतात म्हणालात, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. रेकॉर्डिंग जपून ठेवा.